बिऱ्हाड विकणे आहे

मराठी वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिरातींमध्ये एक चमत्कारिक वाक्प्रयोग वर्षानुवर्षे टिकून आहे : 'विकणे आहे'. शिलाई मशीन विकणे आहे. लोखंडी कपाट विकणे आहे. दोन गुंठे जागा विकणे आहे. या वाक्याला कर्ता नाही. कोण विकतो, का विकतो, विकताना त्याच्या मनाची काय अवस्था आहे, यांपैकी कशाचाही त्यात मागमूस नसतो. जाहिरातीत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून कर्ता गळाला, असे याचे व्यावहारिक स्पष्टीकरण देता येईल आणि ते बरोबरही असेल. पण परिणाम असा झाला, की मराठीत वस्तू विकणारा माणूस वस्तूच्या मागे उभा राहतो. पुढे येत नाही.

ब्रिटनमध्ये जुन्या मालवाहू व्हॅनचे फिरते घर करून हिंडणारी कुटुंबे जेव्हा ती व्हॅन विकायला काढतात, तेव्हा नेमके उलटे घडते. विकणारा सगळ्यांत आधी येतो आणि येतो तो जड अंतःकरणाने. 'नाइलाजाने विक्री' हे तिथले ठरीव पालुपद. त्यामागून मुले, कुत्रा, समुद्रकिनारे, सूर्यास्त, 'साहस' आणि 'असंख्य आठवणी' यांची मिरवणूक. मग किंमत. बॅटरी किती वर्षांची आहे, छताच्या सांध्यातून पाणी झिरपते का, या गोष्टी सगळ्यांत शेवटी; आल्या तर. अशा पुष्कळ जाहिराती मध्यंतरी मला बारकाईने वाचाव्या लागल्या, आणि त्यांतून माझे एक मत तयार झाले. ते रुक्ष वाटण्याचा संभव आहे, तरी मांडते. आठवणी जाहिरातीत घालणे हे आठवणींवरही अन्याय करणारे आहे आणि खरेदीदारावरही. गंजाची, ओलीची आणि वजनाची चोख नोंद हेच अशा वस्तूविषयी लिहिता येण्याजोगे सर्वांत प्रेमळ गद्य होय.

जाहिराती वाचाव्या लागल्या त्या माझ्या मावसभावामुळे. तो लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये राहतो. बँकेच्या संगणकांशी त्याचे काम. हातात करवत धरण्याचा प्रसंग चाळिशीपर्यंत आला नव्हता. २०१६ च्या शरद ऋतूत त्याने चार वर्षे वापरलेली, पांढरी, उंच छताची मालवाहू व्हॅन घेतली. आधीचा मालक प्लंबर होता. तळाच्या फळीखाली तांब्याच्या नळीचे तुकडे सापडत होते, ते शेवटपर्यंत सापडत राहिले. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वसंतात दादाने शनिवार-रविवार खर्ची घालून त्या डब्याचे घर केले. वहिनीने पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवल्या. दोघी मुली तेव्हा नऊ आणि सहा वर्षांच्या होत्या, त्यांनी सांडलवूड रंगाच्या नावाखाली एका कपाटाला भयंकर पिवळा रंग दिला.

या कामात किती बुद्धी लागते याची कल्पना बाहेरून येत नाही. कडाक्याच्या थंडीत चार माणसे पत्र्याच्या डब्यात रात्रभर श्वास घेत झोपली, की पहाटे भिंतींना पाझर फुटतो. म्हणून पत्र्याच्या आतून मेंढीच्या लोकरीचे जाड थर, त्यावर बाफ अडवणारा कागद, त्यावर पातळ प्लायवूड, आणि छताला हवा बाहेर फेकणारा पंखा. गॅसचा सिलिंडर ज्या कपाटात ठेवायचा, ते आतल्या बाजूने हवाबंद, पण त्याच्या तळाला आरपार भोक; कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साचतो, त्याला खालूनच वाट हवी. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रीज यांच्यासाठी दुसरी बॅटरी, इंजिनाच्या बॅटरीपासून तोडलेली. रात्रभर मुलींनी दिवा जाळला तरी सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे. मागच्या दोन आसनांचे पट्टे तेवढे त्याने स्वतः बसवले नाहीत. ते काम कारागिराकडून करून घेतले, कारण तिथे चूक झाली तर ती मुलींच्या अंगावर येणार होती.

मग सात उन्हाळे ती गाडी हिंडली. स्कॉटलंडचा उत्तर किनारा, वेल्समधील पेम्ब्रोकशर, पोर्ट्‌समथहून बोटीत घालून ब्रिटनी. २०२० च्या टाळेबंदीत ती घरासमोरून हलली नाही, आणि त्याच वर्षी तिचा सर्वांत जास्त वापर झाला : सकाळी दादाचे कार्यालय, दुपारी थोरलीची शाळा, संध्याकाळी वहिनीला एकटे बसायची जागा.

विकायचे कारण भावनिक नव्हते, प्रशासकीय होते. लंडनमध्ये धूर ओकणाऱ्या वाहनांवर आकारला जाणारा दैनिक कर २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी सुरू झाला, २०२१ मध्ये त्याचा परीघ वाढला, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून तो हॅरोसह लंडनच्या सगळ्या उपनगरांना लागू झाला. 'युरो ६' हे मानक न पाळणारी डिझेल गाडी रस्त्यावर आणली, की दिवसाला साडेबारा पौंड. दादाची व्हॅन २०१२ ची, म्हणजे एक पायरी अलीकडची. उभी असेल तर कर नाही. पण फिरते घर उभे ठेवायला कोण बांधतो? शिवाय थोरली सोळा वर्षांची झाली होती आणि आडव्या फळीवर तिचे पाय मावत नव्हते. तेव्हा, विकणे आहे.

इथपर्यंतची हकीकत कोणत्याही घरातली आहे. मला, भाषेच्या शिक्षिकेला, तिच्यात रस वाटू लागला तो पुढे, कागदपत्रांच्या टप्प्यावर. तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे डी.व्ही.एल.ए.च्या, दप्तरी या गाडीचा प्रकार लिहिलेला होता : 'बाजूला खिडक्या असलेली व्हॅन'. सात वर्षे चार माणसांनी जिच्यात वरण-भात शिजवला, तिला सरकार घर मानायला तयार नव्हते. दादाने अर्ज केला होता आणि तो नामंजूर झाला होता. २०१९ पासून या कार्यालयाने आपला निकष अधिक कडक केला आहे. आत झोपायला किमान १८०० मिलीमीटर लांबीची जागा, बसण्या-जेवण्याची सोय, पक्का बसवलेला शेगडीचा ओटा, कपाट एवढे असणे पुरेसे नाही. गाडी बाहेरून, रस्त्यावरच्या माणसाला, फिरते घर म्हणून ओळखू आली पाहिजे. म्हणजे काय? तर एका बाजूला तरी दोन खिडक्या, राहण्याच्या भागात शिरायला स्वतंत्र दार, उंच पक्के छत, बाजूला छत्री ताणायची दांडी, आणि दोन्ही अंगांवर फिरत्या घराला साजेशी चित्रे. शेवटची अट मी दोनदा वाचली. आत पलंग आहे की नाही यापेक्षा बाहेर चित्र आहे की नाही यावर नाव ठरणार. पोलिसांना व अपघाताच्या साक्षीदारांना गाडीचे वर्णन जुळवता यावे, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही वस्तूचे नाव तिच्या उपयोगावरून नव्हे तर दर्शनावरून पडावे, हे आम्हां साहित्याच्या लोकांना फारच ओळखीचे. किती कवितासंग्रहांना आपण मुखपृष्ठावरून कविता मानले आहे! असो.

तर अशा या नाव नसलेल्या घराची जाहिरात लिहायची होती. तिचे दोन मसुदे माझ्याकडे आले. दोन्ही इंग्रजीत होते. इथे मी त्यांचा आशय सांगते आहे. पहिला थोरल्या पुतणीचा. तो सुंदर होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यात स्कॉटलंडच्या पावसात छतावर वाजणारे थेंब होते, पाच जण कसेबसे मावलेली एक रात्र होती, आजी आली तेव्हाची. आणि 'साहस' हा शब्द चार वेळा होता. दुसरा मसुदा वहिनीचा. तो मसुदा नव्हताच, यादी होती. डाव्या मागच्या चाकाच्या कमानीला गंज, २०२२ मध्ये खरवडून रंग दिला, पुन्हा फुगतो आहे. सरकत्या दाराचा खालचा रूळ घासला आहे. दार बंद करताना किंचित उचलावे लागते. आतली बॅटरी पाच वर्षांची, उन्हाळ्यात दोन रात्री पुरते, हिवाळ्यात एक. छतावरच्या पंख्याभोवती एकदा पाणी आले होते. सांधा नवा केला, तेव्हापासून कोरडे. वजनकाट्यावर मोकळी गाडी २९४० किलो; मर्यादा ३५०० किलो. म्हणजे माणसे, पाणी, कपडे, खाणे मिळून ५६० किलोपेक्षा जास्त नको. (हा आकडा शोभेचा नव्हे. १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीचा परवाना काढलेल्या माणसाला तिथे साधारणतः साडेतीन हजार किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते.)

दादाने विचारले, यातला कोणता मसुदा टाकू? मी वहिनीची यादी म्हटले. पुतणीचे आणि माझे त्यावरून जे झाले, ते अजून पुरते मिटलेले नाही. "आत्या, तू शिकवतेस साहित्य आणि निवडतेस किराणा मालाची यादी?" हे तिचे वाक्य. त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटले.

आधी 'साहस' या शब्दाचे बघू. इंग्रजीतल्या ज्या शब्दाचे आपण 'साहस' असे भाषांतर करतो, तो शब्द आज तिकडे प्रामुख्याने जाहिरातीचा झाला आहे. बूट, घड्याळे, तंबू, व्हॅन, सगळे साहसी. आपल्या परंपरेत मात्र हा शब्द इतका निर्मळ नव्हता. धर्मशास्त्रात खटल्यांचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत 'साहस' हा एक आहे, आणि त्याचा अर्थ बळजबरी, दांडगाई, उघडउघड केलेला गुन्हा. संस्कृतात साहस करणारा माणूस कौतुकाचा विषय असण्यापेक्षा दंडाचा विषय असण्याची शक्यता अधिक. हा जुना अर्थ मला या व्हॅनच्या संदर्भात आठवला तो उगीच नव्हे. ज्या देशात ही फिरती घरे साहस म्हणून विकली जातात, त्याच देशाच्या संसदेने २०२२ मध्ये एक कायदा केला. परवानगीवाचून कुणाच्या जमिनीवर वाहनात मुक्काम केला, त्याचा मोठा उपद्रव झाला किंवा होईल असे वाटले, आणि सांगूनही हलले नाही, तर तो फौजदारी गुन्हा. वाहन, म्हणजे घरच, जप्त करता येते. कायद्याच्या भाषेत समाजाचे नाव नाही. पण पिढ्यान् पिढ्या गाड्यांतून राहणारे जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाज त्याचे लक्ष्य आहेत, हे लपलेले नव्हते. मे २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने या तरतुदींचा एक भाग, हुसकावल्यावर बारा महिने त्या जागी परत न येण्याचा, या समाजांशी भेदभाव करणारा आणि मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. चाके तीच, चूल तीच, पडदे तेच. एकाचे साहस नव्या अर्थाचे, दुसऱ्याचे जुन्या.

मराठी वाचकाला हे कळायला फार दूर जावे लागू नये. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, तेव्हा गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड म्हणजे काय हे आपल्या मध्यमवर्गाने पहिल्यांदा आतून वाचले. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बदलीच्या नोकरीतल्या कारकुनांसाठी हसत वापरत होतो. त्या पुस्तकानंतर ती तितक्या सहज वापरता येऊ नये. घर चाकांवर असणे ही गोष्ट स्वतः ना साहस आहे ना संकट. परत जायला दुसरे, स्थिर घर आहे की नाही यावर ते ठरते. हॅरोच्या घराला तीन झोपायच्या खोल्या आहेत. म्हणून पुतणीच्या मसुद्यातला 'साहस' हा शब्द मला चारही ठिकाणी खोडावासा वाटला. ती सुट्टी होती. चांगली, भिजलेली, भांडणाची, हसण्याची सुट्टी. सुट्टीला सुट्टी म्हटल्याने ती लहान होत नाही.

आता साहित्याचा मुद्दा, कारण टोमणा त्यावरून होता. फिरत्या घरावरची दोन पुस्तके मला या निमित्ताने शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिले जॉन स्टाइनबेकचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली', १९६२ चे. १९६० मध्ये स्टाइनबेकने एका ट्रकवर लाकडी-पत्र्याचे घर बसवून घेतले, त्याला डॉन किहोटेच्या घोड्यावरून 'रोसिनान्ते' नाव दिले, आणि कुत्र्याला सोबत घेऊन अमेरिका पालथी घातली. ती गाडी आज कॅलिफोर्नियात सॅलिनास येथील स्टाइनबेक संग्रहालयात आहे. पुस्तक विलक्षण वाचनीय आहे. पण २०१० मध्ये बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा धुंडाळला आणि दाखवून दिले, की लेखक त्या गाडीत फारसा झोपलेलाच नव्हता. हॉटेलांत उतरत होता, आणि बऱ्याच दिवसांच्या प्रवासात त्याची बायको सोबत होती. पुढे पुस्तकाच्या पन्नासाव्या वर्षीच्या आवृत्तीत प्रस्तावनाकाराने, हे प्रवासवर्णन शब्दशः खरे धरू नये, अशी पुस्ती जोडली. मला यात फार मोठा गुन्हा दिसत नाही; प्रवासवर्णनाला तेवढी मोकळीक असते. पण लक्षात घ्यावे : हे चालते, कारण स्टाइनबेक आपल्याला गाडी विकत नव्हता. त्या पानांवर विसंबून कुणी आपल्या मुलांना तिच्यात झोपवणार नव्हते.

दुसरे पुस्तक हुलिओ कोर्तासार आणि कॅरल डनलॉप या नवरा-बायकोचे. १९८२ च्या मे-जून महिन्यांत हे दोघे आपल्या लाल फोक्सवॅगन व्हॅनमधून, तिचे नाव फाफनर, पॅरिसहून मार्सेयला निघाले. एरवी काही तासांचा हा द्रुतगती मार्ग. यांनी ठरवले, की मार्ग सोडून खाली उतरायचे नाही, प्रत्येक विश्रांतिस्थळी थांबायचे, रोज दोन स्थळे, आणि दुसऱ्यावर मुक्काम. तेहेतीस दिवस लागले. पुस्तकभर शास्त्रीय मोहिमेच्या थाटात नोंदी आहेत : किती वाजले, तापमान किती, न्याहारीला काय, जेवणाला काय, फाफनरचे तोंड कोणत्या दिशेला. सुरुवातीला वाटते ही थट्टा आहे, आणि आहेच. पण प्रवासानंतर थोड्याच महिन्यांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, डनलॉप वारली. पुस्तक १९८३ मध्ये कोर्तासारने एकट्याने पुरे केले, आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तोही गेला. हे कळल्यावर पुन्हा त्या नोंदी वाचाव्यात. गाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते ही नोंद कशी घशात अडकते, त्याचा अनुभव घ्यावा. तिथे 'असंख्य आठवणी' असे कुठे म्हटले असते, तर त्या पानातून काहीच हाती लागले नसते.

पुतणीला मी लिहिले ते हेच. दार बंद करताना किंचित उचलावे लागते, हे वाक्य ज्याने सात वर्षे ते दार उचलले आहे तोच लिहू शकतो.

याची एक व्यवहाराची बाजूही आहे आणि ती साहित्यापासून वाटते तितकी दूर नाही. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. त्याचे म्हणणे सोपे आहे. गाडीचे खरे दुखणे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना रोगट धरून भाव पाडतो. मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणतच नाही, आणि बाजारात रोगट गाड्याच उरतात. घरी बांधलेल्या फिरत्या घराला हे दुप्पट लागू. भिंतीआड तारा कशा नेल्या आहेत, लोकर ओली आहे का, गॅसची नळी कुठे जोडली आहे, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि उघडून तर कोणी दाखवत नाही. तिथल्या एम.ओ.टी. या वार्षिक तपासणीचे निकाल कुणालाही संकेतस्थळावर पाहता येतात, त्यामुळे चाकाच्या कमानीचा गंज लपत नाही. पण ती तपासणी गाडीची असते, घराची नव्हे. घराविषयी खरेदीदाराकडे विकणाऱ्याच्या शब्दांपलीकडे काही नसते.

कायदाही तेच म्हणतो. ब्रिटनच्या १९७९ च्या मालविक्री कायद्यानुसार माल समाधानकारक दर्जाचा असलाच पाहिजे ही अट व्यापाऱ्यावर आहे. खासगी माणसावर नाही. खासगी विक्रीत दर्जाची जोखीम घेणाऱ्याची. मात्र वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, ही अट खासगी विक्रेत्यालाही चुकत नाही. (आपला १९३० चा मालविक्री कायदा याच इंग्रजी कायद्याच्या पूर्वावतारावरून बेतलेला आहे; वर्णनाचे कलम आपल्याकडेही आहे.) म्हणजे घरगुती विक्रीत कायदा तुमच्या मालाला नव्हे, तुमच्या गद्याला जबाबदार धरतो. वर्णनाची एवढी प्रतिष्ठा आमच्या अभ्यासमंडळांनीही कधी राखलेली नाही.

उरला किमतीचा प्रश्न. दादाने हिशेब ठेवला होता : साहित्याचा खर्च आणि त्याचे सुमारे सहाशे तास. तासांचे काहीतरी मिळावे अशी त्याची अपेक्षा होती. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कानेमान, नेट्श आणि थेलर यांनी विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग वाटून प्रयोग केले होते. ज्यांना मग मिळाले, त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत न मिळालेल्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट निघाली. तोही काही मिनिटांपूर्वी हाती आलेला मग. सहाशे तासांच्या घराचे काय होईल! पण बाजारात घरगुती बांधणीला उलट वजावटच लागते, कारण अनोळखी माणसाच्या हौशी तारकामावर कुणी भाव चढवत नाही. दादाला हे लागले. मला मात्र यात अन्याय दिसत नाही. ते तास त्याने कुणासाठी घातले होते, आणि ते कुठे खर्ची पडले, हे त्या चौघांना ठाऊक आहे. वेल्समधून गाडी बघायला येणाऱ्या जोडप्याने त्याचे पैसे का भरावे? 'असंख्य आठवणी' हे शब्द जाहिरातीत येतात ते बहुधा याच ठिकाणी, किंमत सांगण्याच्या आधल्या ओळीत. ती आठवण राहत नाही, ते वाढीव रकमेचे समर्थन होते. माझा आक्षेप या जागेला आहे.

पुतणीचा एक प्रतिवाद मला मान्य करावा लागला. ती म्हणाली, यादीत फक्त बिघाड आहेत. ही गाडी चांगली आहे हे कुठेच नाही. खरे आहे. चोखपणाच्या भरात विकणारा कधीकधी वस्तूची निंदा करू लागतो, आणि तेही खोटेच. मग यादीत भर पडली, पण त्याच भाषेत : उणे सहा अंशांत रात्री हीटर लावून आत चौदा अंश राहिले. आडवी फळी पन्नास किलोपर्यंत तपासलेली. चौघे सलग सोळा दिवस राहिलेले आहेत. यातले शेवटचे वाक्य आठवण आहे की माहिती? मला वाटते दोन्ही. आणि म्हणूनच ते जाहिरातीत शोभते.

सगळ्यांत अवघड निघाले ते पिवळे कपाट. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला मुलींच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तारखांसकट, २०१७ पासूनच्या. दादाचे म्हणणे, घासून टाकू. वहिनीचे म्हणणे, राहू दे, घेणाऱ्याला गंमत वाटेल. दोन्ही पर्याय मला पटले नाहीत. घासणे म्हणजे विनाकारण स्वतःला शिक्षा, आणि ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात आपल्या मुलींना कायमचे उभे करणे. ज्याने गाडी घेतली त्याला आपल्या मुलांच्या खुणा करायला कोरे दार हवे. शेवटी दादाने चार स्क्रू काढून ते दार उतरवले आणि नवे बसवले. त्यामुळे यादीत आणखी एक ओळ आली : एका कपाटाचे दार नवे आहे, रंग बाकीच्याशी जुळत नाही.

थोरलीचा सुंदर मसुदा वाया गेला नाही. सेवा-दुरुस्तीच्या पावत्या, गॅसजोडणीचे प्रमाणपत्र आणि दादाने काढलेला तारांचा आराखडा यांची जी फाइल गाडीबरोबर द्यायची होती, तिच्यात तो शेवटी लावला, पण पैसे हाती आल्यानंतर. ज्याला किंमत ठरवायची नाही, त्याला तो वाचायला हरकत नाही. 'साहस' मात्र तिने चारही ठिकाणी ठेवले आहे.

गाडी २०२४ च्या उन्हाळ्यात, मागितल्यापेक्षा थोडी कमी किंमत घेऊन, वेल्समधल्या त्या जोडप्यालाच गेली. नोंदणीत ती अजून 'बाजूला खिडक्या असलेली व्हॅन'च आहे. बघायला आले तेव्हा त्यांनी गंजाविषयी एक शब्द विचारला नाही, तो वाचून आले होते. फ्यूजपेटीपाशी मात्र अडले. दादाने २०१७ मध्ये प्रत्येक फ्यूजखाली चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, स्वतःला चटकन वाचता याव्यात म्हणून : दिवे, पंप, फ्रीज, पंखा, आणि एका तारेखाली 'ही कशाची ते बघणे'. वहिनीने यादीत तेही घातले होते. फ्यूजपेटीवरील नावे मराठीत आहेत, इंग्रजी तक्ता सोबत दिला जाईल. त्या बाईंनी चिठ्ठ्या काढू नका म्हणून सांगितले, आणि शेवटच्या चिठ्ठीचा अर्थ विचारला. दादाने सांगितला. ती तार मागच्या दिव्याची निघाली.